बिबट्याच्या पिंजऱ्यातला पंधरा ऑगस्ट

ख्रिस्ताने आपल्याला इंग्रजांपासून सोडवलं, असं कुंदीने भर उपासनेत ठणकावून सांगितलं आणि शांतवन मास्तरांच्या वीस-बावीस वर्षांच्या सेवेवर बोळा फिरला.

सवाल टाकला होता जळगावच्या रतिलाल पाळकसाहेबांनी. खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या शब्बाथशाळा, म्हणजे पोरांचे रविवारचे धार्मिक वर्ग, तपासत ते फिरत. धुळ्याला देवपुरातल्या चर्चमध्ये आले की पहिल्या बाकावरच्या पोरांना हटकून एखादा सोपा प्रश्न विचारत. प्रभूने आपल्याला कशापासून मुक्त केलं, एवढंच त्यांनी विचारलं होतं. पण साल त्र्याण्णवचं, महिना जुलैचा, शाळेत पंधरा ऑगस्टची भाषणं नुकतीच वाटून झालेली. 'मुक्त' हा शब्द कानावर पडताच कुंदीच्या तोंडून पाठ केलेलं उत्तर सुटलं. बाकीच्या पोरांनी लगेच "इंग्रजांपासून" अशी एका सुरात साथ दिली. चुकीचं उत्तर इतक्या शिस्तीत आलं की शिकवणाऱ्याची मेहनत कोणाच्याही नजरेतून सुटू नये.

पाळकसाहेब हसले नाहीत, हेच वाईट झालं. उपासना संपल्यावर मास्तरांना बाजूला घेऊन ते चहाच्या कपात बघत म्हणाले की जळगावात एक तरुण आहे, गिटार वाजवून शिकवतो, पोरं नाचत येतात. इथल्या पोरांना रविवारी सकाळी टीव्हीसमोरून उठवायचं तर असंच काहीतरी लागेल.

"पंधरा ऑगस्टला रविवारच आहे. मी त्यालाही घेऊन येतो," ते म्हणाले. "तोपर्यंत मुलांना एवढी एक गोष्ट समजू द्या, साळवे. नाहीतर शाळा त्याच्याकडे देऊ. तुम्हीही दमला असाल."

दमला असाल, हे शब्द मास्तरांच्या फार जिव्हारी लागले. आठवड्याचे सहा दिवस ते पाटबंधारे खात्यात आवक-जावकच्या टेबलावर बसत आणि आलेल्या कागदावर 'आले', गेलेल्या कागदावर 'गेले' असा शिक्का मारत. कचेरीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. "ओ शिक्का" एवढ्यावर भागत असे. 'मास्तर' म्हणणारी माणसं त्यांना फक्त रविवारी भेटत, आणि तीही बहुतेक तीन-साडेतीन फूट उंचीची. ती शाळा गेली तर रविवारीही ते शिक्काच राहणार होते, आणि हा विचार त्यांना चहाच्या घोटाबरोबर गिळता येईना.

घरी येऊन त्यांनी बायकोला, सुगंधाबाईंना, बेत सांगितला तेव्हा तो अगदी आटोपशीर होता. पोपटाचा रिकामा पिंजरा आणायचा, त्यात कागदाची चिमणी ठेवायची. पिंजरा म्हणजे पाप, चिमणी म्हणजे माणूस. इंग्रज गेले तसा बाहेरचा धनी गेला, पण आतला धनी गेला का, असं पोरांना विचारायचं आणि दार उघडून चिमणी बाहेर काढायची. झेंडावंदनानंतर दहा मिनिटांत धडा आटोपला असता आणि आपल्यालाही ही गोष्ट ऐकत बसावं लागलं नसतं. पण हे बोलणं ओट्यावर झालं, आणि पलीकडच्या ओट्यावर झुलालनाना होते.

झुलालनाना नरडाण्याला स्टेशनमास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली तरी येणारं-जाणारं काहीही थांबवून तपासायची त्यांची सवय गेली नव्हती. ते महादेवाचे भक्त, सोमवार कडक पाळणारे. पण सल्ला देताना त्यांनी कधी धर्मभेद केला नाही. त्यांचं म्हणणं असं पडलं की चिमणीचा पिंजरा तिसऱ्या ओळीतल्या पोराला दिसत नाही, चौथ्या ओळीतलं पोर तोवर मारामारी करतं. पंधरा ऑगस्टला अख्ख्या गावातून प्रभातफेऱ्या निघतात, गाड्यांवर देखावे निघतात, मग तुमच्या धर्माने काय घोडं मारलंय? करायचं तर माणूस मावेल असा पिंजरा करा आणि आग्रा रोडवरून वाजत गाजत न्या. मास्तरांच्या डोळ्यांपुढे पाळकसाहेबांचा चेहरा आला, त्यामागे गिटार आली, आणि त्यांनी मान डोलावली. आयुष्यात काही माना डोलावल्यावर परत सरळ होत नाहीत, त्यांतली ही होती.

माणूस मावेल असा पिंजरा ही काही वाण्याकडची वस्तू नव्हे. खुराडी पाहिली, ती गुडघ्याइतकी. लोहाराने नवा करून द्यायचा जो आकडा सांगितला त्यात मास्तरांनी घराला गज बसवले असते. शेवटी नानांनाच आठवलं की वनखात्यातला भिकन गार्ड आपल्या ओळखीचा आहे आणि पिंपळनेरच्या बाजूला कधीकाळी बिबट्यासाठी लावलेला लोखंडी पिंजरा त्यांच्या आवारात गंजत पडला आहे. भिकन म्हणाला, न्या की, फक्त साहेबाच्या नावाने एक अर्ज टाका.

अर्ज छापील होता आणि त्यात 'प्राणी कोणता' हा रकाना होता. मास्तर खोटं न बोलणारे, त्यांनी तिथे 'पापी मनुष्य' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. तिथल्या कारकुनाने चष्मा वर करून सांगितलं की हा प्राणी आमच्या यादीत बसत नाही. यादीत बिबट्या, तरस आणि अस्वल एवढीच सोय होती. तरस लिहून टाकू का, असं त्याने मदतीच्या भावनेने विचारलं, पण मास्तरांना तरस होणं पटेना. निदान आपल्या नोकरीकडे पाहून तरी बिबट्या लिहावं, अशी त्यांनी विनंती केली. मग लिंग नर, वाढ पूर्ण, शेवटचा कोठे दिसला तर देवपूर. स्वतः कारकून असल्यामुळे रकाने भरताना त्यांना एक प्रकारचं समाधानच वाटत होतं. आणि सगळ्यात खाली बारीक टायपात नियम होता की आमिषाशिवाय पिंजरा दिला जाणार नाही, आमिष अर्जदाराने आणावं. आमिष म्हणजे शेळी. ही शेळी आध्यात्मिक धड्यात कोठे बसवायची, हे त्यांना रात्रभर सुचलं नाही.

शेळीची आणि बैलगाडीची सोय हिलाल आबांकडे झाली. आबा शहराला लागून असलेल्या गावचे शेतकरी, रोज सकाळी देवपुरात दूध घालायचे. गाडी, बैल, शेळी, सगळं द्यायला ते तयार होते, पण एक अट होती.

"मास्तर, सतरा तारीखले पोळा शे," आबा म्हणाले. "मनी मायनी आन शे. सूर्य डोकावर उना का मी बैलसना खांदावरनं जू उतारी लेसू. मंग तुम्ही कोठे बी ऱ्हा."

बैलांचे खांदे तुपाने चोळून त्यांना मोकळं ठेवायची खांदेमळणी पोळ्याच्या आदल्या दिवशी असते, हे मास्तरांनाही ठाऊक होतं. पण आबांच्या आईचे, तानुबाईंचे, नियम पंचांगाच्या एक दिवस पुढे चालत. वर्षभर ज्यांच्या जिवावर खाल्लं त्यांना दोन दिवस मोकळं ठेवायचं म्हणजे ठेवायचं. मास्तर म्हणाले, अहो, दहाच्या आत तर आपण चर्चच्या दारात परत असू. मनात त्यांनी हेही टिपून ठेवलं की जोखड उतरवण्याचा दाखला शास्त्रात येतो, तो वेळ पडली तर वापरता येईल.

आता प्रश्न उरला पिंजऱ्यात बसायचं कोणी. धड्यात कैदी पोर असणार होतं. पण बिबट्याचा पिंजरा म्हटल्यावर सगळ्या आयांनी आपापली पोरं पदराखाली ओढली. कुंदीच्या आजीने तर मास्तरांना तोंडावर विचारलं की स्वतःला बसायला काय धाड भरली. त्यात काही चूक नव्हती. मग कैदी मास्तरच झाले, आणि पांढरा झगा घालून लाकडी किल्लीने त्यांना सोडवायचं काम कुंदीला मिळालं. कैद्याचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे कोठून आणायचे, तर सुगंधाबाईंनी जुन्या गादीची खोळ उसवून त्यातून पायजमा आणि सदरा शिवला. कापूस झटकला तरी मास्तरांना दोन दिवस शिंका येत होत्या. पुठ्ठ्याच्या पाट्यांवर लोभ, राग, आळस, खोटेपणा अशी ठळक अक्षरं काढून त्या काळ्या कागदी साखळ्यांना लटकवल्या. पापं कशी दिसतात हे पोरांना एकदाचं कळू दे.

पंधरा ऑगस्टला सकाळी भिकन पिंजरा घेऊन हजर झाला. गाडीवर चढवायला आठ माणसं लागली आणि त्यांना सूचना द्यायला सोळा. पिंजऱ्याचं दार वरून खाली पडणारं होतं. भिकनने ते वर ओढून अंबाडीच्या दोराने बांधलं आणि बजावलं की हा दोर सोडायचा नाही. दार पडलं की खटका आपोआप बसतो आणि तो खटका त्याच्या कमरेच्या चावीशिवाय उघडत नाही. बिबट्या फार हुशार असतो, म्हणून अशी व्यवस्था आहे. इतकं सांगून तो झेंडावंदनाच्या ड्युटीसाठी पिंपळनेरच्या बसमध्ये बसला, दुपारी येतो म्हणाला. चावी अर्थात त्याच्याबरोबर गेली, कारण सरकारी चावी दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

तो गेल्यावर सुगंधाबाईंना तो दोर फार उघडाबोडका वाटला. सणाचा दिवस, आपली गाडी गावात जाणार. त्यांनी आंब्याच्या पानांचं छान तोरण करून त्या दोरावर गच्च गुंडाळलं. बायकांनी कौतुक केलं. पिंजऱ्यात मागच्या कोपऱ्यात लांब दाव्याने बांधलेल्या शेळीनेही मान वर करून ते नीट पाहून घेतलं.

गाडी निघाली तेव्हा काय थाट होता. पुढे हिलाल आबा, नवा फेटा बांधून, बैलांच्या शिंगांना आधीच रंग लावलेला. मागे कागदी झेंडे घेतलेली पोरं गाणी म्हणत, मधे पिंजऱ्यात गळ्यात साखळ्या घालून शांतवन मास्तर, चेहऱ्यावर जमेल तितका पश्चात्ताप. पांझरेच्या पुलावर लोक थांबून बघायला लागले. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच इतकी माणसं एकदम बघत होती आणि खरं सांगायचं तर पश्चात्तापाचा चेहरा टिकवणं त्यांना जड जाऊ लागलं. गजातून हात बाहेर काढून त्यांनी दोघांना नमस्कारही केला. कैद्याने असं करावं का, हा प्रश्न आहे.

आग्रा रोडवर आल्यावर शेळीने लोभ खाल्ला. कागद खळीने चिकटवलेला, त्यामुळे चवीला बरा असावा. मास्तर तिला हुसकावताहेत तोवर आळसही गेला. रस्त्यावरच्या पोरांना हा देखावा भलताच आवडला आणि आता कुठलं पाप जातं यावर आरडाओरड सुरू झाली. पोरांचे झेंडे मास्तरांनी आधी लांब करायला लावले, कारण शेळीने तिरंग्याला तोंड लावलं तर मंडळी आणि सरकार दोन्ही अंगावर येणार होती. या गडबडीत त्यांची पाठ वळली. चारही पापं पोटात घालून शेळी मागच्या पायांवर उभी राहिली आणि तोरणाला भिडली. पानांबरोबर दोर, दोराबरोबर पानं, ती काही निवडत बसली नाही. दार धाडकन पडलं. मास्तर ते झेलायला झेपावले आणि त्याच क्षणी गादीच्या खोळीच्या पायजम्याची मागची शिवण वरपासून खालपर्यंत टर्रकन गेली. खटका बसला. मास्तर होते तिथेच मटकन खाली बसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. देखावा फार खरा वाटत होता.

अजूनही काही बिघडलेलं नव्हतं. गाडी सरळ चर्चला नेली असती, भिकनची वाट पाहिली असती, झालं. पण झुलालनाना सायकलवरून मागोमाग येत होते. त्यांनी दोन्ही हात वर करून गाडी जागच्या जागी थांबवली. बिघाड असलेली गाडी पुढे सोडायची नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम होता. मग सगळा आग्रा रोड मास्तरांना सोडवायला लागला. कोणी एरंडेल आणलं, कोणी साबण, ट्रकवाल्याने जॅक लावून पाहिला. एकाने दाराला खांदा लावला, दुसऱ्याने पहिल्याला लावला. मास्तर स्वतः आतून गज धरून जोर लावत होते, तेही बसल्या बसल्या, कारण उठायची सोय राहिली नव्हती. गॅस कटरवाला आला तर नानांनीच त्याला अडवलं की ही सरकारी मालमत्ता आहे, कापायची तर परवानगी लागेल आणि आज सुट्टी आहे.

एवढ्यात गावभर बातमी गेली की आग्रा रोडवर बिबट्या पकडलाय. बायका लेकरांना कडेवर घेऊन धावत आल्या. आत मास्तर बघून त्यांची फार निराशा झाली. एका म्हातारीने तर यापेक्षा शेळी बरी असं बोलून दाखवलं. मागून हवालदार आला आणि त्याने पिंजऱ्यावर चिकटवलेला परवाना मोठ्याने वाचला. पकडलेला बिबट्या फक्त जंगलात, पंचांसमक्ष सोडायचा, वस्तीत सोडायचा नाही, असं त्यावर छापलेलं होतं. मास्तर म्हणाले, अहो, मी पाटबंधारे खात्यात आहे.

"ते खरं असेल साहेब," हवालदार म्हणाला, "पण कागदावर तुम्ही बिबट्या आहात."

आणि मग सूर्य डोक्यावर आला. हिलाल आबांनी वर पाहिलं, फेटा सारखा केला आणि जुवाच्या खुंट्या काढल्या. मास्तरांनी विनवलं, नानांनी नियम सांगितला, पण आईची आण ती आण. पुढचं टोक त्यांनी दगडांच्या चवडीवर टेकवलं तरी गाडी पुढे कललीच. पिंजरा तिरपा झाला आणि मास्तर व शेळी घसरत एकाच कोपऱ्यात येऊन बसले. बैलांनी माना झटकल्या, एकमेकांची मान चाटली आणि आबांच्या मागून निघून गेले. मास्तर गजातून त्यांच्याकडे बघत राहिले. जोखड उतरवण्याचा दाखला आता वापरता आला असता, पण तो वापरायची त्यांना इच्छाच झाली नाही.

तिकडे चर्चमध्ये वाट बघून थकलेले पाळकसाहेब याच वेळी विचारत विचारत तिथे पोचले. बरोबर तो गिटारवाला. तरणा, नीटनेटका, इस्त्रीची पँट. पाळकसाहेबांनी पिंजरा पाहिला, शेळी पाहिली, शेळीच्या तोंडातून लोंबणारं 'पणा' पाहिलं, आणि ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. संपलं, मास्तरांना वाटलं. आता रविवारीही शिक्का. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी शेळीच्या आडून पुसलं. गजाजवळ सुगंधाबाई होत्या, त्यांना हळूच सांगितलं की पायजमा मागून गेलाय, घरून पँट घेऊन ये. बाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या देवपुराच्या दिशेने तरातरा निघाल्या.

त्या गेल्या आणि लगेच भिकन आला. कमरेची चावी काढून त्याने खटका फिरवला, दार वर ओढलं, खाली लाकडाचा ठोकळा लावला. तासन्‌तास अख्ख्या बाजाराला जे जमलं नाही ते त्याने बिडी तोंडातून न काढता केलं.

"या मास्तर, बाहेर या," तो म्हणाला.

मास्तर म्हणाले, बसतो जरा, सावली बरी आहे. सावली अर्थातच नव्हती. मग म्हणाले आधी शेळीला काढा, मुकं जनावर आहे. शेळीला काढलं. मग त्यांनी पाय अवघडल्याचं सांगितलं. नाना म्हणाले, लाइन क्लिअर आहे. हवालदार म्हणाला, मी बिबट्याचं बघून घेतो, या तुम्ही. गर्दी कुजबुजायला लागली की माणसाला आतच आवडलेलं दिसतंय. मास्तर पाठ गजांना घट्ट लावून पुलाच्या दिशेला डोळे लावून बसले. पँट दिसेना.

पांढऱ्या झग्यातली कुंदी लाकडी किल्ली घेऊन सकाळपासून गाडीजवळच उभी होती. तिचं काम दुसऱ्यानेच करून टाकल्यामुळे ती जरा खट्टू होती. ती उघड्या दारात येऊन वाकून बघायला लागली.

"मास्तर, दार ते उघडं शे," ती म्हणाली.

"हो, बाळ."

"खटका बी नही."

"नाही."

"मंग तुम्ही मझार काबर बठेल शेतस?"

मास्तरांनी तो प्रश्न मनात पुन्हा म्हणून पाहिला. आत का बसला आहात. पोरांना हे समजावून द्यायला त्यांनी महिनाभर जिवाचं रान केलं होतं. माणसाला स्वतःचं दार स्वतः उघडता येत नाही, ते दुसऱ्या कोणीतरी उघडून ठेवलंय, आपण फक्त बाहेर यायचं. फळ्यावर लिहून झालं, चित्र काढून झालं, शेळीसकट झालं. आणि आता दार सताड उघडं असताना ते स्वतः आत बसले होते, कशासाठी, तर एका शिवणीसाठी. लाज वाटत होती, बस. कोणी कडी लावलेली नव्हती. ती लाज त्यांना वीस-बावीस वर्षं वाटतच होती, कचेरीत, चर्चमध्ये, पाळकसाहेबांसमोर, सगळीकडे. त्यांना एकदम आतून हसू फुटायला लागलं आणि ते दाबता दाबता खांदे हलायला लागले.

"लोके हसतीन म्हनीसन?" कुंदीने विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले. "पायजमा फाटलाय माझा."

"फाटू द्या ना."

"पोरांनो, इकडे या सगळे," मास्तरांनी हाक दिली, आणि पोरं दाराशी गोळा झाली. "नीट बघा. हे दार मी उघडलं नाही. मी फार जोर लावला, साबण लावला, एरंडेल लावलं, नाही उघडलं. ज्याच्याकडे चावी होती त्याने उघडलं. आणि उघडल्यावरही मी आतच बसलो, कारण लोक काय म्हणतील. आता मी बाहेर येतो. हसायचं त्यांनी हसून घ्या."

बिबट्याच्या पिंजऱ्याचं दार बुटकं असतं, त्यात गाडी तिरपी, त्यामुळे बाहेर यायचं तर उलटं, रांगत यावं लागणार होतं. म्हणजे शांतवन मास्तरांची जी बाजू त्यांनी इतका वेळ जिवापाड सांभाळली, तीच आग्रा रोडला सगळ्यात आधी दिसणार होती. ती दिसली. जे हसू उसळलं त्याने बाजूच्या छपरावरची कबुतरं उडाली. हवालदार हसला, भिकनची बिडी पडली, नानांनी सायकल सोडून दिली. मास्तर जमिनीवर पाय टेकून उभे राहिले, वळले, आणि त्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायला लागले. पोरं त्यांच्या पायांना लपेटली.

पाळकसाहेब पायरीवरून उठून आले. त्यांचेही डोळे ओले होते, कशाने ते सांगता येत नाही. त्यांनी कुंदीला जवळ ओढून काही विचारायला तोंड उघडलं, पण तोवर कुंदी आपल्या आजीला सगळं समजावून सांगण्यात गुंतली होती. दार ते कवयच उघडं व्हतं, ती सांगत होती, मास्तरच निंघी नही ऱ्हायंता. पाळकसाहेबांनी प्रश्न तसाच ठेवला. ते वळून गिटारवाल्याला म्हणाले की पुढच्या रविवारपासून तू यायला हरकत नाही, गाणी तू घे. वर्ग मास्तर घेतील. गिटारवाल्याने खांद्यावरून गिटार काढली आणि विचारलं, मास्तर, आत्ता काय वाजवू?

पिंजरा भिकनच्या हवाली करून वरात देवपुराकडे परत निघाली. गाडी नाही, बैल नाहीत, पुढे गिटार, मधे पट्ट्यापट्ट्यांचे मास्तर, भोवती पोरं आणि मागे आग्रा रोडवरची कितीतरी अनोळखी पोरं, ज्यांना गाणं येत नव्हतं पण ओरडता येत होतं. पुलाच्या मध्यावर समोरून सुगंधाबाई धापा टाकत आल्या. हातात घडी घातलेली पँट. त्यांनी नवऱ्याला आपादमस्तक बघितलं, मागे जाऊन बघितलं, आणि घाईघाईने पँट पुढे केली.

"अहो, थांबा. निदान ही तरी कमरेला गुंडाळून घ्या."

पांझरेवरून वारा सुटला होता. मास्तर थांबले नाहीत.

"असू दे गं," ते म्हणाले. "वारा बरा लागतोय."